जुन्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर तात्पुरतं कलाकाम: उतरवण्याच्या दिवसापासून मागे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नाट्यगृहाच्या विश्वस्त मंडळाला डिसेंबर-जानेवारीत सहा आठवड्यांसाठी इमारतीच्या दर्शनी भागावर चित्रकाराकडून काही करून घ्यायचं आहे. इमारत १९१० च्या दशकातली: काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, पुढे ओतीव लोखंडाच्या खांबांवर सागवानी सज्जा, माथ्यावर मंगलोरी कौलं. महापालिकेच्या वारसा यादीत नाव आहे आणि प्रयोग बंद ठेवायचे नाहीत. भिंत रंगवावी, कापड लावावं की प्रोजेक्शन (भिंतीवर प्रकाशाने चित्र टाकणं) करावं, परवानग्या कुणाच्या आणि पैसे कशात जातात, एवढं विचारलंय.

सुरुवात चित्रकाराच्या निवडीने करू नका. काम उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कशी दिसली पाहिजे, ते आधी कागदावर लिहा: एकही नवं भोक नाही, गंजाचा ओघळ नाही, चिकटपट्टीचा डाग नाही. हे एक पान चित्रकार, मांडववाला, इंजिनिअर आणि वारसा समिती अशा चौघांनाही तेच द्यायचं. मग अर्ध्या कल्पना आपोआप गळतात, आणि त्या लवकर गळालेल्याच बऱ्या.

पहिली गळते ती भिंत रंगवण्याची. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. ॲक्रिलिक किंवा प्लास्टिक इमल्शनचा थर बसला की ओल मागे अडकते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि वर्षभरात पोपडे धरतात. रंग काढायला गेलं की त्याच्याबरोबर जुन्या चुन्याचे हातही निघून येतात. ‘धुऊन जाणारा रंग’ म्हणून जे विकतात, ते काचेवरून धुऊन जात असेल. सच्छिद्र गिलाव्यात रंगद्रव्य उतरतंच. सिलिकॉन आणि दुहेरी चिकटपट्टी यांनाही हाच न्याय. सिलिकॉनमधलं तेल दगडात शिरलं की त्याचा काळपट डाग कुठल्याही साबणाने जात नाही.

उरतात तीन मार्ग: स्वतःच्या पायावर उभ्या चौकटीला ताणलेलं कापड, प्रकाश, आणि इमारतीपुढच्या अंगणात मांडलेलं काम. तिसऱ्याकडे लोक दुय्यम म्हणून बघतात. पण अंगण मोठं असेल तर इमारतीच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक तेच, आणि पुष्कळदा चित्रकारालाही तेच जास्त मोकळं वाटतं.

सज्जाला काहीही टांगू नका

हा मोह सगळ्यांनाच होतो, कारण सज्जाला कठडा असतो आणि कठड्याला दोरी बांधता येते. सज्जा बांधला गेला तो उभ्या माणसांचं वजन खाली नेण्यासाठी. कापड त्याला बाहेर ओढतं. सागवानी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं शंभर वर्षांच्या ओलीने आतून भुसा झालेली असू शकतात आणि बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. पातळ स्क्रू-ड्रायव्हर भिंतीलगत दाबून बघा. अर्धा इंच सहज शिरला तर ते टोक गेलं समजा. खालचे खांब ओतीव लोखंडाचे. हे लोखंड दाबाला पक्कं, ओढीला आणि वाकवण्याला कच्चं. पोलाद आधी वाकून इशारा देतं, ओतीव लोखंड सरळ तुटतं.

भिंतीत एक्स्पान्शन बोल्ट मारणं हा दुसरा मोह. असा बोल्ट भोकाच्या कडांना बाहेर रेटूनच धरतो. जुन्या विटेत किंवा दगडाच्या कडेजवळ तो हमखास चीर पाडतो. बोल्ट काढून भोक सिमेंटने बुजवलं तर भोवतालचा मऊ चुना पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत सुटतो. आधार घ्यावाच लागला तर खिडकीतून आरपार घ्या. चौकटीचा आडवा पाइप उघड्या खिडकीतून आत न्यायचा आणि आतल्या बाजूला भिंतीला समांतर, खिडकीपेक्षा दोन्हीकडे किमान ३० सेंटिमीटर जास्त लांब लाकडी फळी लावून त्याला जखडायचा. फळी आणि भिंत यांच्यामध्ये जाड पांढरं नमदं. काळं रबर नको, चुन्यावर त्याचा डाग राहतो. खिडकीच्या दोन बाजूंमध्ये जॅक फिरवून पाइप आवळण्याची पद्धत नव्या बांधकामात चालते. इथे वरची विटांची कमान उघडते.

भिंत नुसती बघून चांगली म्हणू नका. लाकडी हातोडीने हलके ठोके मारत जा. बद्द आवाज आला तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. खडूने घेर काढा आणि चौकटीचा एकही आधार त्या घेरात येऊ देऊ नका.

वाऱ्याचं गणित

इथेच कामं फसतात, म्हणून थोडं सविस्तर. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग गुणिले ०.६ म्हणजे दर चौरस मीटरला इतके न्यूटन (एक किलोचा भार म्हणजे सुमारे १० न्यूटन). आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग ३९ आणि मुंबईसाठी ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. म्हणजे पुण्यात सुमारे ९१०, मुंबईत ११६० न्यूटन. तुमचं कापड १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच, म्हणजे ६० चौरस मीटर धरलं तर पुण्याच्या वेगाला साडेपाच टनांचा धक्का, मुंबईत सात टनांचा. तात्पुरत्या उभारणीला मानकात सवलतीचा गुणक आहे, पण तो किती घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी द्यावं, मांडववाल्याने तोंडी नव्हे.

एवढा धक्का सोसणारी चौकट अंगणात उभी करणं परवडत नाही. व्यवहारात करतात ते असं: वाऱ्याची मर्यादा ठरवायची आणि ती गाठायच्या आत कापड खाली आणायचं. समजा मर्यादा ताशी ६० किलोमीटर. दाब येतो सुमारे १६७ न्यूटन, ६० चौरस मीटरवर १० किलोन्यूटन. उभ्या फलकासाठीचा गुणक १.२ धरून १२. कापड जमिनीपासून १ ते ७ मीटरमध्ये असेल तर हा जोर सरासरी ४ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे उलटवणारा परिणाम ४८ किलोन्यूटन-मीटर. सुरक्षेसाठी दीडपट करा: ७२. बैठक ३ मीटर खोल आणि वजन मधोमध असेल तर चौकटीसह जवळपास पाच टन वजन तळाशी लागतं. निव्वळ काँक्रीटचे ठोकळे धरले तर ते दोन घनमीटर होतात. वाळूच्या पिशव्या नकोत. त्या फाटतात आणि कुणी तरी घेऊन जातं. हे पाच टन ज्या फरसबंदीवर ठेवायचे तिच्याखाली जुना हौद किंवा गटार नाही ना, ते आधी बघा. जुन्या नाट्यगृहांच्या अंगणात हौद असणं मुळीच विरळा नाही.

कापड जाळीचं घेतलं तर दाब कमी होतो, पण किती ते जाळीच्या विणीवर ठरतं. उत्पादकाचं चाचणीपत्र नसेल तर सवलत शून्य धरा. आणि फ्लेक्समध्ये अर्धचंद्राकृती चिरा मारून ‘हवा पास होते’ म्हणणं ही निव्वळ समजूत आहे. चिरांनी दाब फारसा कमी होत नाही, कापड मात्र तिथूनच फाटायला लागतं.

कापडाच्या कडेला दर ३० सेंटिमीटरला पितळी डोळा आणि त्यातून रबरी दोरी. ही दोरी मुद्दाम कच्ची ठेवायची. अवचित झोत आला तर आधी दोऱ्या तुटाव्यात, कापड मोकळं व्हावं, चौकट उभी राहावी. कप्पीवरून येणाऱ्या दोन मुख्य दोऱ्या अशा असाव्यात की दोन माणसांनी पाच मिनिटांत कापड खाली आणलं पाहिजे. माथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं साधं यंत्र बसवा; ४० ला सावध, ६० च्या आत कापड खाली. आता खरा प्रश्न: रात्री दोन वाजता दोरी कुणाच्या हातात? पाळीनुसार नावं लिहून फाटकाशी लावा आणि रखवालदाराकडून दोनदा प्रत्यक्ष उतरवून घ्या. डिसेंबर-जानेवारी तुम्ही निवडलात ते बरंच केलंत. हेच काम एप्रिल-मे मध्ये करणार असतात तर नको म्हटलं असतं, कारण वळवाचं वादळ अर्ध्या तासात येतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली, तेही असंच वादळ होतं. त्यानंतर महापालिकांचे अधिकारी कुठल्याही उंच चौकटीकडे संशयाने बघतात. त्यांचं चूक नाही.

चौकट भिंतीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर पुढे. त्याने हवा खेळती राहते आणि माणूस आत शिरून तपासणी करू शकतो. या फटीत कबुतरं येतात. वरून आणि बाजूंनी जाळी लावा. पाइप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) घ्या. साध्या काळ्या पाइपचा गंज दवाने सुद्धा ओघळतो.

बर्लिनच्या राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, १९९५ मध्ये क्रिस्तो आणि जॅन-क्लोद या कलाकार जोडप्याने एक लाख चौरस मीटरहून जास्त कापडात गुंडाळलं, तेव्हा पुतळ्यांभोवती आणि छतावर आधी पोलादी सांगाडे बसवले होते, म्हणजे कापडाचा भार कोरीव दगडावर येऊ नये. कल्पना १९७१ ची, काम टिकलं १४ दिवस. मधली चोवीस वर्षं मुख्यतः परवानग्यांत गेली.

परवानग्या

मुंबईत असाल तर वारसा श्रेणी आधी बघा. श्रेणी १, २अ, २ब आणि ३ यांप्रमाणे वारसा समितीची छाननी कडक किंवा सौम्य होते. इतर शहरांत महापालिकेची वारसा समिती असेल तिथे तोच मार्ग. इमारत किंवा शेजारची वास्तू केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा लागू होतो. तिथे पुरातत्त्व खात्याचं मत आधी घ्या. समितीकडे अर्ज नेताना नुसतं रंगीत चित्र नेलं तर तो परत येतो. १:५० चा मोजणी नकाशा, आधाराच्या प्रत्येक जागेचा १:१० तपशील, इंजिनिअरचं पत्र, उभारणी आणि उतरवणी यांच्या तारखा, आणि वर सांगितलेलं ते एक पान, असा संच लागतो. अग्निशमन, वाहतूक पोलीस आणि पदपथ अडत असेल तर रस्ते विभाग हे अर्ज त्याच आठवड्यात लावा, एकामागून एक नव्हे. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेचा काळ वजा करूनच तारखा धरा.

यात लोकांना न दिसणारा खड्डा म्हणजे प्रायोजक. कापडाच्या कोपऱ्यात बँकेचं किंवा बिल्डरचं चिन्ह आलं की महापालिकेच्या लेखी ते कलाकाम राहत नाही, जाहिरात होते. मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३२८ आणि ३२८अ, इतरत्र १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ व २४५ लागू होतात, शुल्क वेगळं, परवाना वेगळा, आणि वारसा समितीचा सूर लगेच बदलतो. प्रायोजकाचं नाव प्रवेशद्वाराशी जमिनीवर ठेवलेल्या छोट्या पाटीवर घ्या आणि हे करारात आधीच लिहा. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या पाकळ्यांवर कलाकारांचा प्रकाश वर्षानुवर्षं खेळला तेव्हा लोक कौतुकाने बघत होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये घोड्यांच्या शर्यतीची जाहिरात टाकली तेव्हा लोकांनी समोर उभं राहून विजेऱ्यांचे झोत मारून ती पुसायचा प्रयत्न केला.

प्रकाशाचा मार्ग धरलात तर

प्रोजेक्शन भिंतीला स्पर्श करत नाही, हा मोठा फायदा. पण काळा दगड प्रकाश गिळतो. जोत्यावर चित्र उमटणार नाही, चुनेगच्ची भागावर उमटेल. २०,००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर २०० चौरस मीटरवर पसरला तर सरासरी १०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १०० ल्यूमेन मिळतात. समोर पथदिवे असतील तर तेवढ्याने गडद रंग धुऊन निघतात, म्हणून विद्युत विभागाकडून ते दोन-तीन दिवे ठराविक वेळेपुरते बंद करून घ्यावे लागतात. भिंगाचं प्रमाण (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २० मीटर रुंद चित्राला प्रोजेक्टर ३० मीटर मागे हवा, म्हणजे बहुधा रस्त्यापलीकडच्या कुणाच्या तरी गच्चीवर. त्या गच्चीचं भाडं, वीज आणि चावी यांचा करार वेगळा करा. ध्वनी असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद.

वीज कुठल्याही मार्गात नाट्यगृहाच्या जुन्या वायरिंगवरून घेऊ नका. स्वतंत्र मीटर किंवा जनरेटर, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), बाहेरच्या सगळ्या जोडण्या आयपी६५ (धूळ-पाण्यापासून बंदिस्त), वेगळं अर्थिंग. जनरेटर मात्र इमारतीपासून लांब. जुन्या नाट्यगृहांना वर झरोके असतात. तिसऱ्या घंटेनंतर जनरेटरची घरघर सरळ पिटात उतरते. सैल कापडाची फडफडही तशीच आत येते. म्हणून कापड एकदा लावल्यावर बंद दारांनी प्रेक्षागृहात बसून ऐका आणि ताण तेव्हाच ठीक करा.

आग

८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, आत भरपूर लाकूड. तुमची इमारतही त्याच घडणीची आहे. कापड अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र (एनएफपीए ७०१ हे अमेरिकी अग्निचाचणी मानक किंवा समकक्ष) त्या गठ्ठ्याचंच मागा, कंपनीचं सर्वसाधारण नको. आणि माल आला की एक अरुंद पट्टी कापून, चिमट्यात उभी धरून खालच्या टोकाला १२ सेकंद ज्योत लावा, अर्थात उघड्यावर. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत विझली पाहिजे आणि जळते थेंब पडता कामा नयेत. थेंब पडले तर गठ्ठा परत. गोणपाट, सुती कापड आणि बांबूच्या ताट्या सुंदर दिसतात, पण त्यांवर अग्निरोधक फवारा मारलेला असेल तर तो दवाने, पावसाने धुऊन जातो. दर दोन-तीन आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करावी लागते. बाहेर पडायचं एकही दार, एकही झरोका कापडामागे जाता कामा नये.

चित्रकाराची निवड आणि करार

खुली स्पर्धा जाहीर करून पन्नास फुकट आराखडे मागवण्याची पद्धत सोडा. तीन किंवा चार जणांना बोलवा, इमारत दाखवा, ते एक पान द्या आणि प्रत्येकाला आराखड्याचे पैसे द्या. निवड समितीत वास्तुसंवर्धन जाणणारा एक आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक हवाच. प्रयोगाचा सेट घेऊन ट्रक कुठून आत येतो आणि किती उंच असतो, हे त्यालाच माहीत असतं. ट्रकचं डोकं चौकटीला लागलं तर वाऱ्याचं सगळं गणित वाया गेलं.

करारात दोन कलमं लोक विसरतात. एक, उतरवणीला चित्रकाराची लेखी संमती आणि नंतर कापडाचं काय करायचं ते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ मुळे कलाकृतीची मोडतोड हा निर्मात्याच्या हक्काचा प्रश्न ठरतो. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं, त्या शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्प परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. दुसरं, छायाचित्रांचा हक्क. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांचे फोटो छापायला कायद्यात मोकळीक आहे. तुमचं काम तात्पुरतं, त्याला ती धरता येणार नाही. कॅलेंडर, तिकीट, स्मरणिका यांवर छापायचं असेल तर परवाना आत्ताच घ्या.

विमा: तिऱ्हाइताच्या जीविताचा आणि मालमत्तेचा, शिवाय ठेकेदाराच्या ऑल-रिस्क (कामावरच्या सर्व धोक्यांच्या) पॉलिसीत ‘भोवतालची मालमत्ता’ हे वाढीव कलम. ते नसेल तर चौकट विम्यात असते आणि नाट्यगृह बाहेर राहतं.

पैशांची फोड साधारण अशी ठेवा: चित्रकाराचं मानधन १५ ते २० टक्के, कापड-छपाई किंवा उपकरणं ३०, चौकट, वजनं आणि इंजिनिअर २५, राखण, विमा व परवानग्या १०, उतरवणी आणि डागडुजी १०, उरलेले अडीअडचणीला. उतरवणीचे दहा टक्के पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. उद्घाटनाच्या आठवड्यात हार-तुरे आणि जेवणावळी यांच्यात तेच पैसे पहिल्यांदा संपतात.

वेळ एकूण २४ आठवडे धरा. पहिले चार मोजणी आणि तपासणीला, पुढचे सहा निवड आणि आराखड्याला, आठ परवानग्यांना, चार बनवायला, दोन उभारायला. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीसाठी जूनमध्ये हललं पाहिजे, आणि तपासणी भर पावसात करायला मिळते. तेच हवं, कारण भिंत कुठे ओल धरते ते तेव्हाच दिसतं.

उभारणीच्या आधी दर्शनी भागाचे एक-एक मीटरच्या चौकोनांनी फोटो काढा, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात. भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरच्या ठिपक्यांनी बसवून तारीख टाका, पण ते ठिपके साध्या सपाट भागावरच, नक्षीवर नाहीत. पट्टी तडकली तर काम थांबवायचं. उतरवताना क्रम उलटा: आधी कापड, मग वरून खाली चौकट, आणि वजनं सर्वांत शेवटी. घाईत माणसं वजनं आधी हलवतात, कारण ती ट्रकमध्ये तळाला हवी असतात. उतरवल्यावर तेच फोटो त्याच कोनातून पुन्हा.

आणि ठेकेदाराचे शेवटचे पाच टक्के फेब्रुवारीत देऊ नका. गंजाचा ओघळ, कापडाच्या रंगाचा डाग, जोत्याशी अडकलेलं पाणी यातलं बरंचसं कोरड्या भिंतीवर दिसतच नाही. जूनचा पहिला चांगला पाऊस पडून गेला की तिसऱ्या फेरीचे फोटो काढा, तिन्ही संच शेजारी ठेवा आणि मग धनादेशावर सही करा.